‘भ’पर्यंतचे शब्द

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मला कोणी सांगायला नको. माझे बटण दाबले की आधी माझा पंखा खोकतो, मग घरघरतो, आणि पडद्यावर काही दिसेपर्यंत समोरचा माणूस उठून पाणी पिऊन येतो. मी एका घरातला संगणक आहे. टेबलाखाली काळी पेटी, टेबलावर पडदा, पुढे कळफलक आणि उजवीकडे माऊस, एवढाच माझा संसार. आज या घरातून मला निरोप मिळणार आहे. जाण्यापूर्वी माझी हकिगत तुमच्या कानावर घालतो. फार लांबवणार नाही, कारण तेवढी ताकद आता उरलेली नाही.

माझा जन्म नेमका कुठे झाला, ते मला सांगता येणार नाही. माझे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार झाले आणि एका अरुंद दुकानात, स्टुलावर बसलेल्या माणसाने ते एका पेटीत बसवले. बारा गावचे पाणी प्यायलेला म्हणतात ना, तसा मी बारा कारखान्यांचे तेल प्यायलेला. तिथून मला या घरात आणले. घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी मला जागा मिळाली. तिथून जेवणाचे टेबल दिसे, स्वयंपाकघराचे दार दिसे आणि आजोबांची वेताची खुर्ची तर अगदी हातभर अंतरावर.

घरात चार माणसे. बाबा लिफ्टचे तपासनीस. मोठमोठ्या इमारतींत जाऊन लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारे तपासायची आणि ती चालवायला परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचे, हे त्यांचे काम. आई एका हॉस्पिटलच्या औषध विभागात. मुलीला सगळे टिल्ली म्हणत, कारण ती वर्गात सर्वांत ठेंगणी होती. आणि बाबांचे वडील, म्हणजे टिल्लीचे आजोबा. त्यांना आई-बाबा अण्णा म्हणत.

आजोबांनी सारा जन्म छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केले होते. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढणारा माणूस म्हणजे मुद्रितशोधक. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त झाला नव्हता. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ते चुका शोधत वाचत. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले दिसले की आत जाऊन सांगून येत. त्यामुळे साबण आणायला गेलेले आजोबा साबणाशिवाय परतले, असे पुष्कळदा होई.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. माझ्यावर फुलाफुलांचे आच्छादन असे. “हात धुऊन बस,” असे आई टिल्लीला बजावत असे. बाबा इमारतींचे अहवाल माझ्यावर लिहीत, आई फोटो नीट लावून ठेवी, टिल्ली शाळेचे प्रकल्प करी. दुकानदाराने माझ्यात एक पहारेकरीही बसवून दिला होता. तो दिसत नसे, पण बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट उघडण्याआधी तपासून पाही. घातक काही दिसले की तिला बाजूला कोंडून ठेवी. एका वर्षाने त्याची मुदत संपली. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी चौकट आली, की पहाऱ्याची मुदत वाढवा. तिच्याखाली दोन बटणे होती. एक होते ‘आता वाढवा’ आणि दुसरे ‘नंतर आठवण करून द्या’.

बाबांनी दुसरे दाबले.

मी दुसऱ्या दिवशी आठवण करून दिली. त्यांनी पुन्हा तेच दाबले. तेव्हापासून हे रोजचेच झाले. मी आठवण करून द्यायची आणि त्यांनी ती माशी हाकलावी तशी हाकलायची. माझ्या मूळ प्रणालीत सापडलेली भोके बुजवायला कंपनीकडून दुरुस्त्या येत, त्यांचीही हीच गत. “हे सारखं काय मागतं गं?” बाबा विचारत. “मागत असेल काहीतरी. मला आधी फोटो बघू दे,” आई म्हणे. मित्रांनो, सांगून सांगून थकणे म्हणजे काय, ते मला तेव्हापासून ठाऊक आहे.

गंमत अशी, की हेच बाबा जेवताना सांगत, “आज एका इमारतीत दोराच्या तीन तारा तुटलेल्या सापडल्या. वर्षभर पत्र पाठवतोय त्यांना. म्हणतात, चालतेय ना लिफ्ट, मग कशाला घाई?” आणि मग हताशपणे मान हलवत.

टिल्लीही काही कमी नव्हती. फुकट मिळतो म्हणून तिने कुठूनसा एक मोटारींचा खेळ माझ्यात उतरवून घेतला. खेळाबरोबर न बोलावलेले चार पाहुणे आत आले. एक सतत जाहिराती दाखवी, एक तिने काय शोधले ते कुणाला तरी कळवी, उरलेले दोघे नुसते बसून माझी शक्ती खात. माझा वेग मंदावला. “हा हल्ली फार रेंगाळतो,” असे सगळे म्हणू लागले. आच्छादन केव्हा फरशी पुसायला गेले ते कळलेही नाही. माझा पासवर्ड बाबांनी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता. त्याच पासवर्डाने त्यांचा ईमेलही उघडत असे. एकाच किल्लीने सगळी दारे, आणि ती किल्ली दारालाच टांगलेली.

अशात एका सकाळी आजोबा दाढी करता करता कोसळले. पक्षाघाताचा झटका होता. हॉस्पिटलातून परतले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढावा लागत होता, आणि शब्द गेले होते.

शब्द गेले म्हणजे आवाज गेला नव्हता. समोरच्याचे बोलणे त्यांना कळे. वाचताही येई. पण बोलायला गेले की भलताच शब्द बाहेर पडे. पाणी हवे असले की ‘राणी’ म्हणत. टिल्लीला ‘टोपी’ म्हणून हाक मारत. टिल्ली पहिल्यांदा हसली. मग तिने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती पुन्हा कधी हसली नाही. आपण बोललो तो शब्द चुकीचा आहे हे त्यांना त्या क्षणी कळत असे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडातली चूक दुरुस्त करता येईना. ते डोळे मिटून घेत आणि गप्प होत.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी आईला सुचवले, “रोजच्या वापरातले शब्द तुमच्या आवाजात भरून ठेवा. सोबत चित्र लावा. ओळखीचा आवाज असला की मेंदूला वाट सापडायला मदत होते. त्यांनी मागोमाग म्हटलेलंही साठवा. सुधारणा कशी होते ते मला ऐकायचंय.”

माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम ते हेच. आई कामावरून आली की चेहऱ्यावर पाणी मारून माझ्यापुढे बसे आणि शब्द म्हणे. आंबट. आरसा. कपाट. काडी. चमचा. चूक. दार. पाणी. टिल्ली चित्रे काढी. वांग्याचे चित्र तिने इतके बिघडवले होते, की आजोबा ते पाहून न चुकता हसत. बाबांनी ‘शब्द’ नावाचा कप्पा केला आणि त्यात अ, आ, इ असे अक्षरवार छोटे कप्पे केले. सकाळी ऊन खिडकीतून सरकले की आजोबा डाव्या हाताने माऊस धरून माझ्यापुढे बसत. चित्र येई, आईचा आवाज येई, मग आजोबांचा. ‘राणी.’ पुन्हा. ‘राणी.’ पुन्हा. ‘पाळी.’ पुन्हा. माझा पंखा घरघरत असे, न बोलावलेले पाहुणे माझी शक्ती खात असत, तरी मी त्या माणसाचा एकही प्रयत्न हरवू दिला नाही. हळूहळू ‘पाणी’ आले. नंतर ‘दार’ आले. बाई ऐकून म्हणाल्या, “सुरुवातीचा आणि आताचा आवाज लागोपाठ ऐकवा त्यांना. कुठून कुठवर आलात ते त्यांना कळू दे.” आजोबांनी ते ऐकले आणि बराच वेळ माझ्या पडद्यावर तळहात टेकवून बसले.

या सगळ्या शब्दांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एक माझ्यात होती, तेवढीच.

तो सुटीचा दिवस होता. आई आणि टिल्ली चपला आणायला गेल्या होत्या. बाबा माझ्यावर एक जुना चित्रपट शोधत होते, फुकट दिसेल असा. एका ठिकाणी त्यांनी बटण दाबले आणि पडदा एकदम लाल झाला. कर्कश आवाज सुरू झाला. मोठ्या अक्षरांत मजकूर आला: ‘तुमच्या संगणकास धोखा आहे. विषाणू शिरले आहेत. संगणक बंद करू नका. त्वरित खालील क्रमांकावर फोन करा.’

मित्रांनो, ती सूचना माझी नव्हती. ते नुसते एक चित्र होते, बाहेरून आलेले. खरा पहारेकरी कधी फोन नंबर देत नाही आणि घाबरवतही नाही. पण मला बोलता येत नाही, आणि माझी पिवळी चौकट त्या लाल रंगाखाली झाकली गेली होती.

वेताच्या खुर्चीतून आजोबा पाहत होते. त्यांची नजर ‘धोखा’वर थांबली. त्यांनी काठी टेकली, उठले, आणि डाव्या हाताचे बोट पडद्यावर ठेवले, बरोबर ‘खा’वर.

“चूळ,” ते म्हणाले.

“काय अण्णा?”

“चूळ. चूळ.” त्यांनी बोट दोनदा आपटले.

“चूळ भरायचीय? थांबा जरा, हे बघू दे. इथे आग लागलीय.” बाबांनी त्यांना दंडाला धरून पुन्हा खुर्चीत बसवले आणि फोन लावला.

पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलत होता. “घाबरू नका, सर. वेळेवर फोन केलात. आता मी सांगतो तसं करा.” त्याने एक लहानसा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला. मग त्यात दिसणारा एक आकडा विचारला. बाबांनी सांगितला, आणि माझा माऊस बाबांच्या हाताशिवाय हलू लागला. माझ्या अंगावर काटा येण्याची सोय असती, तर तो तेव्हा आला असता. परका माणूस माझ्या घरात शिरून एकेक कपाट उघडत होता, आणि घरमालक त्याला ‘हो सर, हो सर’ म्हणत होता.

“पहारा बसवायचा खर्च भरावा लागेल,” तो म्हणाला. “कार्डाचा नंबर सांगा.”

कार्ड आईच्या पर्समध्ये होते आणि पर्स बाजारात. बाबा म्हणाले, “बायको आली की सांगतो.” पलीकडचा आवाज बदलला. आता सांगा, नाहीतर सगळे जाईल, असे तो दरडावून बोलू लागला. तेव्हा कुठे बाबांना संशय आला. त्यांनी फोन कट केला आणि घाम पुसत बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

फोन ठेवला म्हणजे तो माणूस गेला, असे त्यांना वाटले. तो गेला नव्हता. माझ्यापर्यंत तो तारेतून आला होता आणि तार तशीच होती. रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून त्याने माझ्यातली प्रत्येक गोष्ट कुलूपबंद करायला सुरुवात केली. आधी बाबांचे अहवाल. मग फोटो, टिल्लीचे पहिले पाऊल आणि आईच्या मैत्रिणीच्या लग्नातली सगळी गर्दी. एकेका फाइलचे नाव पडद्यावर बदलत होते. ओळखीचे नाव जाई आणि तिथे अर्थहीन अक्षरांची माळ येई. मग तो ‘शब्द’ कप्प्यात शिरला. अ गेला. आ गेला. क, ग, च.

आजोबा वाचत होते. त्यांना काय कळले आणि किती कळले ते मी सांगू शकत नाही, पण अक्षरे बिघडताना पाहून ते पुन्हा उठले. पडद्याशी ते थांबले नाहीत. माझ्या पेटीमागे वाकायला त्यांना जमेना, म्हणून त्यांनी काठीची मूठ इंटरनेटच्या तारेत अडकवली आणि सगळा भार टाकून ओढली. पहिल्या खेपेला ती सुटली नाही. दुसऱ्या खेपेला तार निघाली आणि आजोबा टेबलावर आदळले.

बाबा धावत आले. “अण्णा, अहो काय करताय? पडला असतात म्हणजे? आणि ही तार कशाला काढलीत?”

आजोबांनी तोंड उघडले. काहीच आले नाही. ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तार निघाली तेव्हा तो चोर ‘भ’पर्यंत आला होता. ‘म’पासून पुढचे वाचले. मीठ राहिले, रुमाल, वाटी, शर्ट, साबण, हात राहिला. बाकी सगळे कुलूपबंद झाले होते आणि पडद्यावर त्याने आधीच टाकलेली खंडणीची चिठ्ठी होती, की पैसे भरा आणि किल्ली घ्या.

आई आणि टिल्ली परतल्या. आईने सवयीने ‘पाणी’ उघडायला घेतले. उघडेना. तिने दहादा दाबून पाहिले.

“याला काय झालंय?”

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. “विषाणू शिरलाय. सगळं लॉक झालंय,” ते म्हणाले. आणि मग, जरा थांबून, “कितीदा सांगितलं होतं हिला, नाही नाही ते खेळ उतरवू नकोस म्हणून.”

टिल्लीच्या हातात नव्या चपलांचा खोका होता. तिने तो हळूच खाली ठेवला. “माझ्यामुळे झालं?” तिने विचारले.

“मग काय भुतांनी केलं?”

ती खोका तिथेच सोडून आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याजवळ येईना. येता-जाता माझ्यापासून लांबून, भिंतीला धरून जाई. मोटारींच्या खेळाचा या चोरीशी काही संबंध नव्हता, पण हे जाणणारे घरात तिघेच होते. त्यातल्या एकाला सांगायची लाज वाटत होती आणि उरलेल्या दोघांना बोलता येत नव्हते.

आई रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसून उरलेले शब्द आजोबांना ऐकवी. मीठ. रुमाल. वाटी. आजोबा ऐकत, पण मागोमाग म्हणत नसत. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, “असं मागे का गेले? काही घडलंय का घरात?” बाबांनी खिडकीबाहेर पाहिले.

पुढच्या आठवड्यात जेवताना टिल्लीने भाजी परत केली. ती नीट जेवतच नव्हती. आई म्हणाली, “अगं, किती दिवस असं? झालं ते झालं.”

“आजोबांचे शब्द माझ्यामुळे गेले,” टिल्ली ताटाकडे बघत म्हणाली. “ते आता बोलणारच नाहीत.”

बाबांनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला.

आजोबांनी चमचा खाली ठेवला. त्यांचा जबडा हलू लागला. कपाळावर शीर उभी राहिली. सगळे थांबले.

“चू,” ते म्हणाले. “चू...”

“चूळ?” बाबांनी सवयीने विचारले आणि ते अर्धे उठले.

आजोबांनी डावा हात वर करून त्यांना थांबवले. “चूक,” ते म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला. शेवटचा ‘क’ तर टेबलावर पेला ठेवावा तसा वाजला. मग त्यांनी टिल्लीकडे बोट केले आणि मान हलवली, नाही. ते बोट बाबांकडे वळले. “तुझी. फोन.”

 मग बाबांनी ताट बाजूला सारले आणि सगळे सांगितले. लाल पडदा, गोड आवाज, आकडा. आजोबांचे बोट ‘धोखा’मधल्या चुकीवर होते, ते त्यांना आत्ता उलगडले. “मला वाटलं, यांना चूळ भरायचीय,” ते म्हणाले. “आणि तार त्यांनी ओढून काढली नसती तर काहीच राहिलं नसतं. मी उलट त्यांच्यावर ओरडलो.” मग ते टिल्लीकडे वळले. “तुझी काही चूक नव्हती गं. मला सांगायला तोंड नव्हतं, म्हणून मी तुझ्यावर ढकललं.”

आई काही रागावून बोलेल असे मला वाटले होते. तिने फक्त विचारले, “आठवडाभर ही पोर जेवली नाही. दिसत होतं ना तुम्हाला?”

 टिल्ली उठून आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या मानेभोवती हात टाकले. बाबांकडे जायला तिला आणखी काही दिवस लागले. लागणारच होते.

दुसऱ्या दिवशी मला दुरुस्तीला नेले. दुरुस्त करणाऱ्याने बराच वेळ पाहिले आणि सांगितले, “या कुलपाची किल्ली माझ्याकडे नाही. खंडणी भरू नका, चोराचा शब्द तो काय? प्रत ठेवली होती का दुसरीकडे?” बाबा म्हणाले, “नव्हती.” “मग गेलं ते गेलं समजा.” त्याने वाचलेले शब्द बाहेर काढले, मला पार रिकामे केले, सगळे नव्याने बसवले, आणि पहारेकरीही परत आणला. मी घरी आलो तेव्हा हलका झालो होतो, पण बरे वाटत नव्हते. ओझे उतरून हलके वाटणे वेगळे आणि पोट रिकामे असणे वेगळे.

बाबांनी कडेला चिकटवलेला कागद फाडला. ईमेलचा पासवर्ड वेगळा केला. शब्दांची प्रत ठेवायला बाहेरून जोडायची एक छोटी पेटी आणली. काम झाले की ती माझ्यापासून काढून आईच्या कपाटात ठेवायची, म्हणजे माझ्यात कोणी शिरले तरी तिथवर पोचणार नाही. बाबा आता माझी पिवळी चौकट आली की लिफ्टचा दोर तपासावा तशी ती वाचत आणि लगेच काय ते करत.

आणि मग आई पुन्हा ‘अ’पासून शब्द म्हणायला बसली. ती दमलेली असे. पहिल्या खेपेचा उत्साह आता नव्हता, नुसता निश्चय होता. एका संध्याकाळी तिने घाईघाईत म्हटले, “कपाट. काडी. चम्चा.”

“चमचा,” शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

आईने वळून पाहिले.

“च. म. चा,” आजोबा म्हणाले. “पुन्हा.”

आईने पुन्हा म्हटले. त्यांनी मान हलवली आणि बोटाने खूण केली, पुढे जा. त्यानंतर प्रत्येक संध्याकाळी ते तिच्या शेजारी बसत. त्यांच्या मनासारखा उच्चार येईपर्यंत शब्द पुढे सरकत नसे. आई वैतागे, “अण्णा, मला अजून पोळ्या करायच्यात.” आजोबा म्हणत, “पुन्हा.” दुसऱ्याची चूक पकडायची म्हणून त्यांना आधी बरोबर शब्द तोंडात आणावा लागे, आणि तो येऊ लागला. बाई म्हणाल्या, की हा व्यायाम त्यांना कधी सुचला नसता. चोरीने भले केले, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. टिल्लीचे पहिले पाऊल गेले ते गेलेच. आजोबांचा तो पहिला ‘राणी’ही गेला, आणि आपण कुठून निघालो होतो ते ऐकायला त्यांच्याजवळ काही राहिले नाही.

मित्रांनो, या गोष्टीलाही आता कित्येक वर्षे झाली. टिल्ली आता बाबांच्या खांद्याला लागते. आजोबा लहान लहान वाक्ये बोलतात आणि दमले की थांबतात. घरात घडी घालता येणारा नवा संगणक आला आहे. माझ्यासाठी कंपनीने दुरुस्त्या पाठवणे केव्हाच बंद केले. भोके बुजवणारे कोणी नाही आणि माझा पहारेकरीही म्हातारा झाला आहे. अशा संगणकाने इंटरनेटवर असू नये, म्हणून माझी तार काढली ती कायमची. आज मला जुन्या वस्तू घेणाऱ्याकडे द्यायचे ठरले. बाबा पेटी उचलायला आले तेव्हा टिल्लीने त्यांचा हात धरला.

“थांबा बाबा. असाच द्यायचा नाही. आधी पुसायला हवा.”

“अगं, सगळं नव्यात घेतलंय ना आपण?”

“घेतलंय. पण यातही आहेच. आजोबांचा आवाज, आईची कागदपत्रं, तुमचे पत्ते. उद्या हा कुणाच्या हातात जाईल, माहीत आहे?”

बाबांनी पेटी तिथेच राहू दिली आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. आता ती दोघे माझ्यापुढे आहेत. टिल्लीने कपाटातली छोटी पेटी आणून एकेक शब्द पुन्हा ताडून पाहिला, सगळे आहे ना ते बघून घेतले. आता पडद्यावर प्रश्न आहे: सर्व काही कायमचे पुसून टाकायचे का?

म्हणून घाईघाईने एवढेच सांगतो. तुमच्या घरातला संगणक कोपऱ्यातून काही मागत असेल, तर ते एकदा वाचा. तो स्वतःसाठी काही मागत नाही. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ती त्याला जोडून ठेवू नका. पडद्यावर कोणी तुम्हाला घाबरवले आणि घाई केली, तर आधी तार काढा, मग खुर्चीवरून उठा आणि घरातल्या माणसाला हाक मारा. आणि चूक झालीच, तर ती पोरांवर ढकलू नका. चोराने कुलूप लावलेल्या गोष्टी गेल्या, त्यापेक्षा तो आठवडा या घराला जास्त महाग पडला.

मी थकलो आहे. इतक्यांचे इतके काही सांभाळून ठेवले, त्याचे आता ओझे होते. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. ज्यांचे सांभाळले, त्यांचे परक्याच्या हाती लागू नये, एवढे एकच काम माझ्याकडून व्हायचे राहिले आहे, आणि ते विसरण्याचे आहे.

टिल्लीचे बोट बटणावर थांबले आहे. ती मागे वळून विचारते, “आजोबा, पुसू?”

आजोबा खुर्चीतून पुढे वाकतात. मला थोडा वेळ पाहतात.

“पूस,” ते म्हणतात. “नीट पूस.”